मनाच्या कसोट्या : त्यांचे प्रकार व त्यांचा इतिहास

‘आमच्या मुलाचा बुद्ध्यंक एकशें अठरा निघाला’ असें एखादे गृहस्थ आज जितक्या सहजतेनें सांगतात, तितक्याच सहजतेनें त्यांचे वडील मुलाची उंची सांगत असत. परंतु उंचीची गोष्ट निराळी आहे. फुटपट्टीचा आरंभ कोठें होतो हें सर्वांस ठाऊक असतें. बुद्धीचें शून्य कोठें आहे हें मात्र कोणासहि ठाऊक नाहीं. तरीहि आंकडा सांगितला जातो, तो ऐकणारा मान डोलावतो, आणि पुष्कळ वेळां त्यावरून मुलाची शाळा, त्याचा वर्ग, क्वचित् त्याचें सारें आयुष्यच ठरविलें जातें. हा आंकडा आला कोठून, मनाच्या कसोट्या किती जातींच्या आहेत, आणि एका जातीच्या कसोटीस दुसरीचें काम सांगितल्यानें काय काय घडलें, ही हकीकत आज मी आपणांपुढें ठेवणार आहें.

या शास्त्राचा आरंभ इंग्लंडांत झाला. १८८४ मध्यें लंडनला साउथ केन्सिंग्टन येथें आरोग्यविषयक एक मोठें आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलें होतें. तेथें फ्रान्सिस गाल्टन यांनीं आपली एक प्रयोगशाळा मांडली. तीन पेन्स द्यावे आणि आपलीं सर्व मापें घेऊन जावें : उंची, वजन, मुठीची पकड, नजरेची तीक्ष्णता, किती वरच्या पट्टीचा स्वर ऐकूं येतो, इशारा मिळतांच हात किती लवकर हलतो. नऊ हजारांहून अधिक लोकांनीं पैसे मोजून स्वतःस मोजून घेतलें. गाल्टन यांचा तर्क असा कीं, सर्व ज्ञान इंद्रियांच्या द्वारें आंत येतें. तेव्हां ज्याचीं इंद्रियें तीक्ष्ण, त्याची बुद्धीहि तीक्ष्ण असली पाहिजे. अमेरिकेंतील जेम्स कॅटेल यांनीं १८९० मध्यें अशा कसोट्यांना ‘मानसिक कसोट्या’ हें नांव दिलें, व पुढें कोलंबिया विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना त्या लावून पाहिल्या. १९०१ मध्यें त्यांच्याच हाताखालीं शिकलेल्या क्लार्क विस्लर यांनीं त्या मापांचा आणि विद्यार्थ्यांनीं परीक्षेंत मिळविलेल्या गुणांचा ताळा घेतला, तों दोहोंचा परस्परांशीं जवळजवळ कांहींच संबंध नाहीं असें दिसून आलें. घंटा होतांच सर्वांआधीं दप्तर आवरणारा मुलगा गणितांतहि पहिला असतोच असें नाहीं, हें कोणीहि मास्तर विस्लरशिवाय सांगूं शकला असता. पण मास्तराचें म्हणणें हा पुरावा नव्हे. विस्लर यांचा हिशेब हा पुरावा होता, आणि त्यानें पहिला मार्ग बंद झाला.

दुसरा मार्ग पॅरिसला सांपडला. तो शोधणारे आल्फ्रेद बिने हे मूळचे कायद्याचे पदवीधर. मानसशास्त्राकडे ते आपल्या आवडीनें वळले. त्यांस मादलेन व आलीस अशा दोन मुली होत्या. या दोघींना लहानपणापासून कोडीं घालून, प्रश्न विचारून, त्यांच्या विचार करण्याच्या तऱ्हा ते टिपून ठेवीत. एकाच घरांत वाढलेल्या दोन बहिणी किती निराळ्या रीतीनें विचार करतात हें त्यांनीं १९०३ च्या आपल्या ग्रंथांत दाखविलें आहे. त्यापूर्वीं हुशार व मंद विद्यार्थ्यांचीं डोकीं मोजण्याचाहि उद्योग त्यांनीं करून पाहिला होता. फरक सांपडला तो इतका अल्प, कीं मोजणाऱ्याच्या मनांतली अपेक्षाच त्याच्या हातून तेवढा फरक पाडीत नसेल कशावरून, अशी शंका त्यांची त्यांनाच आली. स्वतःच्या हातावर असा संशय घेणारा शास्त्रज्ञ विरळा.

फ्रान्सांत १८८२ पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचें झालें होतें. जीं मुलें पूर्वीं शाळेचा उंबरा चढत नसत तीं आतां वर्गांत येऊन बसलीं, व त्यांपैकीं कांहींना शिकविलेलें उमगेना. अशांसाठीं निराळे वर्ग काढावयाचे ठरलें. पण त्या वर्गांत कोणाला घालावयाचें हें ठरविणार कोण? शिक्षक सांगेल तो मंद, असें म्हटलें तर वर्गांत दंगा करणारें प्रत्येक मूल मंद ठरण्याचा धोका. डॉक्टर सांगेल तो मंद, असें म्हटलें तर एका डॉक्टरचा शेरा दुसऱ्याच्या शेऱ्याशीं जुळत नसे. १९०४ मध्यें सरकारनें या प्रश्नासाठीं एक मंडळ नेमलें व त्यावर बिने यांची नेमणूक झाली. थिओदोर सिमाँ या तरुण डॉक्टरांच्या साहाय्यानें १९०५ मध्यें त्यांनीं तीस कसोट्यांची एक चढती मालिका प्रसिद्ध केली. पहिली कसोटी एवढीच, कीं पेटलेली काडी डोळ्यांपुढून फिरविली असतां मुलाची नजर तिच्यामागून फिरते कीं नाहीं. पुढें चॉकोलेटचा तुकडा आणि लांकडाचा तुकडा यांतील खाण्याचा कोणता हें ओळखणें. मग अंक ऐकून जसेच्या तसे म्हणणें. मग माशी आणि फुलपांखरूं यांत फरक काय तें सांगणें. आणि अशा पायऱ्या चढत चढत अमूर्त शब्दांच्या अर्थापर्यंत. १९०८ मध्यें त्यांनीं या कसोट्या वयाप्रमाणें लाविल्या : तीन वर्षांच्या बहुतेक मुलांना काय जमतें, चार वर्षांच्या, पांच वर्षांच्या, असें तेरापर्यंत. आठ वर्षांचें मूल सहा वर्षांच्या मुलांना जमणाऱ्या कसोट्यांपाशींच थांबलें तर त्याची पातळी सहाची.

येथें गाल्टन आणि बिने यांच्यांतील मुख्य भेद लक्षांत घ्यावा. गाल्टन यांनीं मन सुटें करून त्याचे बारीक तुकडे मोजले. बिने यांनीं समजूत, तारतम्य, चूक ओळखण्याची शक्ति अशा गुंतागुंतीच्या व्यापारांनाच हात घातला, आणि ‘बुद्धि म्हणजे काय’ या वादांत न पडतां, कोणत्या वयाच्या मुलांना काय जमतें एवढेंच पाहिलें. शिवाय ही कसोटी एका वेळीं एकाच मुलाची. परीक्षक व मूल समोरासमोर बसत. मूल उपाशी आहे, भेदरलें आहे, कीं त्याला प्रश्न ऐकूंच आला नाहीं, हें परीक्षकाला दिसत असे. आपल्या कसोटीनें कापडाप्रमाणें बुद्धीची लांबी मोजली जात नाहीं, मुलांचा केवळ क्रम लागतो, असें बिने बजावून सांगत. मंद ठरलेलें मूल जन्मभर मंदच राहावयाचें, हें त्यांस मुळींच मान्य नव्हतें. अशा मुलांसाठीं त्यांनीं मनाचे व्यायाम योजले. त्यांत पुतळ्यासारखें निश्चल उभें राहण्याचा एक खेळहि होता, कारण ज्याला स्थिर राहतां येत नाहीं त्याला लक्ष देतां येत नाहीं. कसोटी निदानासाठीं आणि निदान उपचारासाठीं, असा त्यांचा क्रम होता. १९११ मध्यें, वयाच्या अवघ्या चौपन्नाव्या वर्षीं, ते वारले.

त्यानंतर लगेच त्या पातळीचा आंकडा झाला. जर्मनींतील विल्यम स्टर्न यांनीं १९१२ मध्यें सुचविलें कीं, मानसिक वयाला खऱ्या वयानें भागावें. सूचना समंजस होती. पांच वर्षांचें मूल दोन वर्षांनीं मागें असणें आणि बारा वर्षांचें मूल दोन वर्षांनीं मागें असणें या गोष्टी सारख्या नव्हेत. भागाकार केला म्हणजे हा फरक दिसतो. अमेरिकेंत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लुइस टर्मन यांनीं १९१६ मध्यें बिने यांच्या कसोट्या वाढवून नव्यानें बसविल्या व भागाकाराला शंभरानें गुणून अपूर्णांक घालविला. म्हणजे पहिल्या मुलाचे साठ आणि दुसऱ्याचे त्र्याऐशीं. हाच आपला बुद्ध्यंक. यांत सोय झाली हें खरें, पण पातळी हा शब्द ऐकला कीं ‘आजची पातळी’ असें मनांत येतें. आंकडा ऐकला कीं तो रक्तगटासारखा कायमचा वाटूं लागतो.

पुढच्याच वर्षीं अमेरिका पहिल्या महायुद्धांत उतरली, आणि येथून या इतिहासाला निराळें वळण लागलें. लाखों रंगरुटांपैकीं कोणाला कोठें घालावें, हा सैन्यापुढें प्रश्न होता. एकेकाला समोर बसवून विचारावयास सवड कोठली? तेव्हां रॉबर्ट यर्क्स यांच्या नेतृत्वाखालीं टर्मन, गॉडर्ड आदि मंडळींनीं सामुदायिक कसोटी तयार केली. एक परीक्षक, समोर शेंकडों माणसें, हातांत छापील पुस्तिका, प्रत्येक प्रश्नापुढें तयार उत्तरें, त्यांतील एकावर खूण करावयाची, आणि वेळ मिनिटांनीं मोजलेला. तपासणाऱ्यालाहि विचार करावयास नको. साचा ठेवून खुणा मोजल्या कीं काम झालें. आज आमचीं मुलें ज्या पर्यायी प्रश्नांच्या परीक्षांनीं बेजार झालेलीं असतात, त्या परीक्षांचें हें प्रत्यक्ष कूळ. साक्षरांसाठीं ‘अल्फा’ व निरक्षरांसाठीं किंवा इंग्रजी न येणाऱ्यांसाठीं चित्रांची ‘बीटा’ अशा दोन कसोट्या होत्या, आणि युद्ध संपेपर्यंत सतरा लाखांहून अधिक माणसें त्यांतून गेलीं.

अल्फांतील कांहीं प्रश्न पाहण्यासारखे आहेत. ‘क्रिस्को हें काय : औषध, जंतुनाशक, दंतमंजन कीं खाद्यपदार्थ?’ ‘ख्रिस्ती मॅथ्यूसन कोण : लेखक, चित्रकार, बेसबॉलचा खेळाडू कीं विनोदी नट?’ बालगंधर्व कोण हें ठाऊक नाहीं म्हणून उद्यां कोणी एखाद्या नॉर्वेच्या कोळ्याला मंदबुद्धि ठरविलें तर आपण हंसूं. पण तेथें कोणी हंसलें नाहीं. बीटामध्यें चित्रांत काय राहिलें आहे तें पुरें करावयाचें असे. एका चित्रांत टेनिसचें मैदान होतें आणि त्यांत जाळें नव्हतें. दुसऱ्यांत ग्रामोफोनला कर्णा नव्हता. इटलीच्या खेड्यांतून नुकत्याच आलेल्या, पूर्वीं कधीं हातांत पेन्सिलहि न धरलेल्या मजुरानें तें जाळें काढावें, अशी अपेक्षा! शब्द काढून टाकले म्हणजे संस्कृतीहि निघून जाते, हा समज तेव्हांपासून अनेकांना नडला आहे.

या आंकड्यांचें पुढें काय झालें? प्रिन्स्टनचे कार्ल ब्रिगम यांनीं १९२३ मध्यें एक ग्रंथ लिहून युरोपांतील राष्ट्रांच्या लोकांची बुद्धीप्रमाणें उतरंड मांडली : उत्तरेकडचे वर, दक्षिणेकडचे व पूर्वेकडचे खालीं. माणूस अमेरिकेंत जितकीं अधिक वर्षें राहिलेला, तितके त्याचे गुण अधिक, ही गोष्ट त्याच आंकड्यांत उघड दिसत होती. त्यावरून कसोटी भाषेची व परिचयाची आहे हें सुचावयास पाहिजे होतें. ब्रिगम यांनीं मात्र असा अर्थ काढला कीं, अलीकडे येणारे लोकच हलक्या प्रतीचे आहेत. १९२४ मध्यें दक्षिण व पूर्व युरोपांतून येणाऱ्यांवर कडक निर्बंध घालणारा कायदा झाला. त्या कायद्यामागें दुसरींहि पुष्कळ कारणें होतीं, परंतु असल्या ग्रंथांनीं त्या मताला शास्त्राचा पोशाख चढविला यांत शंका नाहीं. वॉल्टर लिपमन या पत्रकारानें १९२२ मध्येंच लेखमाला लिहून टर्मन यांच्याशीं या बाबतींत जाहीर वाद घातला होता. स्वतः ब्रिगम यांनीं १९३० मध्यें आपले निष्कर्ष निराधार असल्याचें लिहून दिलें, हें त्यांना भूषणावह. पण तोंपर्यंत कायदा होऊन सहा वर्षें लोटलीं होतीं.

याहून एक करुण प्रकरण आहे. व्हर्जिनिया राज्यांत कॅरी बक नांवाच्या एका गरीब तरुणीला बिनेकसोटीवरून नऊ वर्षांच्या मानसिक वयाची ठरविण्यांत आलें. तिची आई आधींच तशाच संस्थेंत होती. कॅरीच्या सात महिन्यांच्या मुलीकडे पाहून, ‘हें मूलहि ठीक दिसत नाहीं’ अशी साक्ष झाली. १९२७ मध्यें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें कॅरीचें सक्तीनें निर्बीजीकरण करण्यास संमति दिली, आणि त्याच वर्षीं तें करण्यांत आलें. ती मुलगी, व्हिव्हियन, पुढें शाळेंत गेली, आणि एकदां चांगल्या विद्यार्थ्यांच्या यादींत तिचें नांवहि लागलें. १९३२ मध्यें, आठ वर्षांची असतांना, ती आजारानें गेली. खास वर्गांत पाठवावयाच्या मुलांसाठीं पॅरिसच्या शिक्षणखात्यानें मागितलेली कसोटी कोठें येऊन पोंचली तें पाहा.

आतांपर्यंत सांगितल्या त्या सर्व कसोट्यांत एक समान गोष्ट आहे : उत्तर बरोबर असतें किंवा चूक असतें, आणि देणाऱ्यानें होईल तितका जोर लावावा अशी अपेक्षा असते. परंतु माणूस काय करूं शकतो हें एक, आणि तो एरव्हीं असतो कसा हें दुसरें. या दुसऱ्या प्रश्नासाठीं निराळ्या कसोट्या निघाल्या, आणि त्यांचाहि जन्म त्याच युद्धांत झाला. तोफांच्या भडिमारानें कोणाचें मन खचण्याचा संभव आहे हें आधींच ओळखावें म्हणून रॉबर्ट वुडवर्थ यांनीं एकशें सोळा प्रश्नांची एक यादी केली : झोंप लागते का, अमुक भीति वाटते का, उत्तर फक्त होय किंवा नाहीं. यादी पुरती होईतों युद्धच संपलें, पण व्यक्तिमत्त्वाच्या सर्व प्रश्नावलींची ती मूळ पुरुष ठरली. या जातीचें वैगुण्य उघड आहे. नोकरीच्या उमेदवाराला ‘आपणांस राग येतो का’ असें विचारलें तर तो काय उत्तर देईल? १९४३ मध्यें मिनेसोटा विद्यापीठांतील हॅथवे व मॅकिन्ले यांनीं पांचशेंहून अधिक विधानांची जी प्रश्नावली प्रसिद्ध केली, तींत यासाठीं मोठी मौजेची तोड काढली आहे. ‘मला कधींच राग येत नाहीं’ अशा, जगांतील कोणाहि प्रामाणिक माणसाला मान्य करतां येणार नाहींत अशा थाटाच्या गोष्टी मधून मधून पेरलेल्या असतात. त्या सर्वांना मान्यता देणारा मनुष्य साधु नसून सावध आहे, असा तर्क.

तिसऱ्या जातींत प्रश्नच नसतो. हर्मान रोर्शाख हे स्विस डॉक्टर चित्रकलाशिक्षकाचे चिरंजीव. शाळेंत असतांना शाईचे डाग पाडून कागद दुमडण्याच्या खेळाच्या नादामुळें सोबती त्यांना डागावरूनच हांक मारीत. १९२१ मध्यें त्यांनीं दहा डागांची आपली मालिका प्रसिद्ध केली : पांच काळसर, दोन काळे-तांबडे, तीन रंगीत. ‘हें काय असूं शकेल?’ एवढेंच विचारावयाचें. पुढच्याच वर्षीं, सदतिसाव्या वर्षीं, ते वारले. डाग मात्र आजहि तेच दहा आहेत. १९३५ मध्यें हार्वर्डला क्रिस्टियाना मॉर्गन व हेन्री मरे यांनीं संदिग्ध चित्रें दाखवून गोष्ट सांगावयास लावण्याची पद्धत काढली. येथें उमेदवाराला बरोबर उत्तर कोणतें हें कळण्यास मार्ग नसतो, कारण बरोबर उत्तर नसतेंच. पण त्यामुळेंच सर्व भार परीक्षकाच्या अर्थ लावण्यावर पडतो, आणि एकाच उत्तराचे दोन परीक्षक दोन अर्थ लावूं शकतात. बिने यांना डॉक्टरांच्या शेऱ्यांत जो दोष दिसला होता, तोच मागल्या दारानें पुन्हां घरांत आला, असें मला वाटतें. या डागांवर शास्त्रज्ञांत अजूनहि वाद चालू आहेत. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश सैन्यानें १९४२ पासून अधिकारी निवडण्यासाठीं जीं मंडळें नेमलीं त्यांची पद्धत आपल्याकडेहि आली. आज आपल्या घरांतून जे तरुण सैन्याच्या निवड-मंडळापुढें जातात, त्यांना चित्रांवरून गोष्टी लिहाव्या लागतात, शेवटीं एक कोरा कागदहि दाखविला जातो, आणि साठ शब्द एकामागून एक झळकवून प्रत्येकावर पंधरा सेकंदांत वाक्य लिहावयास लावतात. पाठ केलेल्या वाक्यांचीं पुस्तकें बाजारांत विकत मिळतात, यांत नवल नाहीं. नवल हें कीं तीं विकत घेणाऱ्याला आपण मनाची कसोटी देत आहों कीं इतिहासाचा पेपर, हें उमगलेलें नसतें.

आपल्या देशांत बिनेकसोटीचें काम प्रथम लाहोरच्या फोर्मन ख्रिश्चन कॉलेजचे राइस यांनीं केलें. त्यांची हिंदुस्थानी मालिका १९२९ मध्यें प्रसिद्ध झाली. आपणांस अधिक जवळचें काम डॉ. व्ही. व्ही. कामत यांचें. धारवाडकडील मुलांवर प्रयोग करून त्यांनीं कानडी व मराठी अशा दोन्ही भाषांत कसोट्या बसविल्या, आणि १९४० च्या सुमारास त्यांचा इंग्रजी ग्रंथ ऑक्सफर्डच्या छापखान्यानें काढला. हें काम भाषांतराचें नव्हे. इंग्रजींत सोपा असलेला शब्द मराठींत अवघड असतो. ‘गलबत’ हा शब्द मालवणच्या पांच वर्षांच्या मुलाला ठाऊक, सोलापूरच्या दहा वर्षांच्या मुलाला नसेल. म्हणून प्रत्येक प्रश्न पुन्हां मुलांपुढें ठेवून कोणत्या वयाला तो बसतो हें नव्यानें ठरवावें लागतें. निरक्षरांचा प्रश्न सोडविण्यासाठीं अलाहाबादचे चंद्रमोहन भाटिया यांनीं १९५५ मध्यें ठोकळे, आकृति, चित्रांचे तुकडे इत्यादि पांच कसोट्यांचा संच तयार केला. न्यूयॉर्कच्या बेल्व्ह्यू रुग्णालयांतील डेव्हिड वेक्स्लर यांनीं १९३९ पासून शब्दांच्या कसोट्या व हातांच्या कसोट्या एकाच संचांत पण वेगळ्या मोजावयास आरंभ केला होता. तो भागाकारहि त्यांनीं सोडून दिला आणि मुलाची तुलना त्याच्याच वयाच्या मुलांशीं केली. नांव मात्र बुद्ध्यंक हेंच राहिलें. त्यांच्या मुलांसाठींच्या संचाचा भारतीय अवतार नागपूरचे डॉ. मालिन यांनीं १९६९ मध्यें सिद्ध केला.

राहतां राहिला कल. २०१६ पासून कांहीं वर्षें महाराष्ट्राच्या शालान्त मंडळामार्फत दहावीच्या विद्यार्थ्यांची कल-चाचणी होत असे, व तिचा निकाल हातांत घेऊन पुष्कळ पालक ‘आमच्या मुलीला वैद्यकी जमेल असें आलें आहे’ असें म्हणत. कल-चाचणी असें कांहींच सांगत नाहीं. एडवर्ड स्ट्राँग यांनीं १९२७ मध्यें अशी जी पहिली मोठी कसोटी काढली, तींत अमुक धंद्यांतील लोकांना जें आवडतें तें या उमेदवारालाहि आवडतें का, एवढेंच पाहिलें होतें. गाणें आवडणें निराळें आणि गळा असणें निराळें. गळा आहे का हें पाहते ती अभिक्षमतेची कसोटी. आजवर काय शिकून झालें हें पाहते ती आमची शाळेची परीक्षा, म्हणजे संपादनाची.

या जाती वेगळ्या ओळखण्यानें प्रत्यक्ष लाभ कोणाला होतो, याचें एक उदाहरण आपल्या शाळांतूनच आहे. एखादा मुलगा बोलण्यांत चलाख, हिशेबी, पण वाचावयास बसला कीं अडखळतो. लिहितांना अक्षरें उलटींपालटीं होतात. अशा मुलांना आम्ही मास्तरलोक पिढ्यान् पिढ्या आळशी म्हणत आलों. २०१६ च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यांत या अध्ययन-अक्षमतेचा स्पष्ट समावेश झाला आहे. तिचें निदान करतांना एकच कसोटी पुरत नाहीं. मालिन यांच्यासारख्या संचावरून बुद्धि साधारण किंवा त्याहून वर आहे हें पाहतात, वाचन-लेखनाच्या संपादन-कसोटीवरून मुलगा प्रत्यक्षांत किती मागें आहे हें पाहतात, आणि दोन आंकड्यांमधील अंतराकडे लक्ष देतात. दोन्ही आंकडे खालीं असतील तर उपाय एक. पहिला वर आणि दुसरा खालीं असेल तर उपाय निराळा. या दुसऱ्या मुलाला तपासणीचा दाखला मिळाला म्हणजे शालान्त परीक्षेंत जादा वेळ मिळतो, लागल्यास लेखनिक मिळतो. दाखल्यासाठीं मुलाला एका खोलींत, एका परीक्षकासमोर, एकट्यालाच बसवितात, जसें बिने बसवीत असत.